मलरबद्दल लोक काय म्हणतात

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. मी चेन्नईची नोकरी सोडली तेव्हा टेबलाचा खण रिकामा केला. त्यात निघाला एक तुटका कंगवा, दोन वाळलेली पेनं आणि कॉफीचे डाग पडलेली एक डायरी. मला वाटलं, संपलं सगळं. मग कोल्हापूरला परत आल्यावर एका जेवणात कुणीतरी विचारलं, "तिकडं तू नेमकं करायचीस काय गं?" मी एक गोष्ट सांगायला घेतली, तर तिच्यामागून दुसरी आली, आणि दुसरी संपेपर्यंत ताटं वाळून गेली. तेव्हा कळलं की खण रिकामा झाला होता, मी नव्हते झाले.

मी करायचे ते असं. आयर्लंडमधली एक नवी गायिका होती. तिच्याबद्दल तिकडचे लोक चांगलं लिहितात की वाईट, हे मी चेन्नईच्या गिंडीत बसून ठरवायचे. याचा मला पगार मिळायचा.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नवरा मोटारीच्या कारखान्यात लागला, म्हणून आम्ही चेन्नईला आलो आणि अड्यारला घर घेतलं. माझ्याकडे इंग्रजीची एम.ए. आणि रिकामा दिवस, एवढंच होतं. गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका लेथच्या वर्कशॉपच्या डोक्यावर एक छोटं ऑफिस होतं. परदेशी कंपन्यांची कात्रणं वाचून त्यांची वर्गवारी करायची, हा त्यांचा धंदा. डब्लिनच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने आम्हाला आपली नवी मुलगी दिली होती. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, गिटारवर स्वतःच गायची. तिकडे या प्रकाराला इंडी-पॉप म्हणतात. म्हणजे बचत गटाच्या लोणच्यासारखं. बाजारात मिळतं, पण चव घरची असते.

तिच्याबद्दल कुठेही काही छापून आलं की ते आमच्याकडे यायचं. आम्ही ते तीन रकान्यांत टाकायचो: चांगलं, मधलं, वाईट. शुक्रवारी अहवाल डब्लिनला. आणि एक सांगायचं राहिलं. आमच्या कॉम्प्युटरना आवाजच नव्हता. गाणी ऐकणं आमच्या कामात बसत नव्हतं.

*

मुलाखत घेतली सेल्वीने. ती आमची टीम लीडर. पस्तिशीची, वेणीत रोज ताजा गजरा, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरचा भाव. तिने माझी प्रमाणपत्रं बघितलीसुद्धा नाहीत. एक कात्रण पुढे सरकवलं आणि म्हणाली, "वाचा. चांगलं की वाईट, सांगा."

लंडनच्या कुठल्याशा मासिकातलं परीक्षण होतं. शेवटी लिहिलं होतं, की हा अल्बम अगदीच गोडव्यावाचून आहे असं म्हणता येणार नाही.

मी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आमच्याकडे मुलगी बघून परत आलेले लोक असंच बोलतात. 'तशी नाकीडोळी नीटस आहे हो' म्हणतात."

"म्हणजे होकार?"

"म्हणजे पुन्हा फोन करत नाहीत."

सेल्वीने ते कात्रण वाईटच्या फायलीत लावलं आणि मला विचारलं, "सोमवारपासून येणार ना?"

*

त्या गायिकेचं नाव होतं कीवा मलार्की. हे आता सोपं वाटतं, कारण मी तुम्हाला ते देवनागरीत सांगतेय. इंग्रजीत ते पहिलं नाव सी, ए, ओ, आय, एम, एच, ई असं लिहितात. सात अक्षरं. ऑफिसात ते चार प्रकारे वाचलं जायचं आणि पाचव्या प्रकारे शिंक यायची.

आमच्यातले तिसरे म्हणजे रायर. पूर्ण नाव भीमराव, पण तिकडे रावांना रायर म्हणतात, म्हणून सगळे रायरच म्हणायचे. तंजावरकडचे मराठी. रेल्वेच्या ऑफिसात चाळीस वर्षं इंग्रजी स्टेनो होते, निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले. तांबरमहून रोज गाडीने यायचे, कपाळावर गंध, खिशात दोन पेन्सिली. त्यांची मराठी ऐकली की वाटायचं, बखर उघडून कुणीतरी मोठ्याने वाचतंय आणि मध्येच तमिळमध्ये शिंकतंय. त्यांनी पहिल्याच दिवशी ते नाव चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं, आणि म्हणाले, "हें नांव नव्हे, बाई. हें टायपिस्टाची चूक आहे."

सेल्वीने तोडगा काढला. आडनाव मलार्की, म्हणजे मलर. तमिळमध्ये मलर म्हणजे फूल. झालं, आयर्लंडची ती पोरगी आमच्याकडे मलर म्हणून नांदू लागली.

पहिल्या महिन्यात डब्लिनहून फोन आला. तिकडचा माणूस डर्मट, कंपनीचा मॅनेजर, तोंडभर बोलणारा. त्याची सकाळ म्हणजे आमची दुपार. तो दहा मिनिटं कीवाबद्दल बोलला. कीवाचं हे, कीवाचं ते. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो. शेवटी सेल्वी फार अदबीने म्हणाली, "सर, कीवाची फाइल आम्हाला मिळालेली नाही. आमच्याकडे फक्त मलर आहे."

मग डर्मटने विचारलं, "मलर कोण?"

लाइन खराब होती. तो काय समजला देव जाणे, आम्ही समजलो की आणखी एक गायिका सांभाळायची आहे. सेल्वीने नवी फाइल उघडली. पुढच्या शुक्रवारचा अहवाल असा गेला: 'मलार्की, अकरा परीक्षणं. कीवा, कुणीही दखल घेतलेली नाही.'

दोन आठवडे हे चाललं. तिसऱ्या आठवड्यात डर्मटने एकेक अक्षर फोनवर सांगितलं तेव्हा उलगडा झाला. सेल्वीने कीवाची रिकामी फाइल बंद केली, पण तिला ते आवडलं नव्हतं. म्हणाली, "एवढी चांगली सुरुवात झाली होती तिची. वाईट म्हणून एकही नव्हतं."

*

आता नोकरी जाता जाता राहिली ती गोष्ट.

कामाची वाटणी अशी होती की लंडन-डब्लिनचे मोठे पेपर माझ्याकडे, वेबसाइट सेल्वीकडे, आणि आयर्लंडच्या गावोगावचे छोटे पेपर रायरांकडे. रायर एकेक ओळ पेन्सिलीने अधोरेखित करून वाचायचे. शंका आली की डिक्शनरी, आणि डिक्शनरी सांगेल ती पूर्व दिशा.

एका महिन्यात मलरची पश्चिम आयर्लंडमध्ये पार वाट लागली. जिथे ती जन्मली, वाढली, तिथल्या पेपरांची जवळजवळ सगळी कात्रणं वाईटच्या रकान्यात. विसातली अठरा. मलाही आश्चर्य वाटलं, पण म्हटलं असेल, घरचे लोक असेच असतात. गावच्या पोरीचं कौतुक गावात कधी झालंय?

अहवाल गेला. तिकडच्या कंपनीने तो वाचला आणि तिच्या त्या भागातल्या सहा कार्यक्रमांपैकी चार रद्द करायचं ठरवलं. पोस्टर छापून झाली होती.

सोमवारी डर्मटचा फोन. नेहमीचं हवापाणी नाही, काही नाही. म्हणाला, "मी स्वतः त्याच गावचा आहे. काल माझ्या आईला तिच्या कार्यक्रमाचं तिकीट मिळालं नाही. लोक दाराबाहेर उभे होते. आणि तुम्ही मला सांगताय की तिथे ती कुणाला आवडत नाही?"

सेल्वीने अठरा कात्रणं माझ्यापुढे टाकली. मी वाचू लागले. पहिल्यात लिहिलं होतं की मलार्कीचा कार्यक्रम 'डेडली' होता. दुसऱ्यात, तिचं तिसरं गाणं म्हणजे 'सॅव्हेज'. तिसऱ्यात दोन्ही शब्द होते आणि शिवाय ती लोकांचा जीव घेते असं म्हटलं होतं.

"रायर," मी म्हणाले, "ही स्तुती आहे."

रायरांनी डिक्शनरी उघडून माझ्यापुढे धरली. "मारक. प्राणघातक. छापलेलें आहे. मी स्वप्नांत पाहिलों नाही."

"तिकडच्या पोरांची बोली आहे ती. आमच्या कोल्हापुरात नाही का, मिसळ जाळ आहे म्हणतात, कुस्ती खतरनाक झाली म्हणतात. एखादी बाई फार सुंदर गायली, तर म्हणतात, मारलं तिनं."

रायर विचारात पडले. "मग तुमचे कोल्हापुरांत मिसळ वाईट असली, तर काय म्हणतात?"

"बरी आहे म्हणतात."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. सेल्वीने डर्मटला फोन लावून सगळी चूक आपल्या अंगावर घेतली. रायरांचं नावसुद्धा निघालं नाही. कार्यक्रम वाचले. दुसऱ्या दिवशी रायर तांबरमहून एक कागद टाइप करून घेऊन आले आणि भिंतीवर चिकटवला. वर लिहिलं होतं, 'दिसण्यांत शिवी, अर्थाने स्तुती'. खाली एकवीस शब्द, वर्णानुक्रमाने. सेल्वीशी मात्र ते आठवडाभर नजर मिळवत नव्हते. मग एके दिवशी तिच्या टेबलावर घरचं लिंबाचं लोणचं येऊन पडलं. कुणी ठेवलं, कुणी बोललं नाही.

*

सेल्वीचं स्वतःचंही एक प्रकरण आहे, पण लहान.

वेबसाइटवाले दहापैकी मार्क देतात, तेही पॉइंटमध्ये. एका बड्या वेबसाइटने मलरला सहा पॉइंट आठ दिले. सेल्वीने ते वाईटमध्ये टाकलं. दुसऱ्या साइटने सात पॉइंट चार दिले, तेही वाईट. आठ पॉइंट एक, मधलं.

डर्मट म्हणाला, "अहो, साताच्या वर म्हणजे त्यांच्याकडे फारच चांगलं. आठ तर ते वर्षातून दोघातिघांना देतात."

"सर," सेल्वी म्हणाली, "माझ्या भावाला बारावीला शंभरात ब्याण्णव होते. त्याला चांगल्या कॉलेजात जागा मिळाली नाही."

डर्मट समजावत राहिला, ती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिने रकाने बदलले, कारण गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं. पण कामाला लागण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाली, "यांच्याकडे डॉक्टर कसे होतात मग?"

*

लंडनला एक समीक्षक होता. त्याला मलर आवडत नव्हती, ते ठीक. पण त्याला पूर्ण वाक्यंही आवडत नव्हती. त्याचं परीक्षण साधारण असं असायचं: राखाडी. ओलसर. जणू मंगळवारची खिडकी.

मोठा पेपर म्हणून ते माझ्या वाटणीचं होतं, पण मी रायरांना दाखवायची चूक केली. रायरांनी तो परिच्छेद तीनदा वाचला. चाळीस वर्षं ज्यांनी साहेबांची अर्धवट वाक्यं पूर्ण करून टाइप केली, त्यांच्या ते जिव्हारी लागलं.

"हीं वाक्यें नव्हेत," ते म्हणाले. "ही सामानाची यादी आहे."

मला वाटलं, विषय संपला. दोन महिन्यांनी डर्मटचा फोन, आवाजात मोठं कुतूहल. "तांबरमचे भीमराव कोण हो? लंडनच्या त्या पेपरात त्यांचं पत्र छापून आलंय. फार कडक लिहिलंय. आमच्या बाजूने असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. कीवाने ते कापून फ्रिजवर लावलंय."

रायरांनी टाइपरायटरवर पत्र लिहून, एअरमेलची पोस्टाची तिकिटं चिकटवून, परस्पर धाडलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की आपल्या समीक्षकाच्या लेखात चौतीस वाक्यांपैकी एकोणीस वाक्यांना क्रियापद नाही. ज्याला स्वतःचं वाक्य संपवता येत नाही, त्याने दुसऱ्याचं गाणं अपुरं आहे असं म्हणू नये.

सेल्वी कौतुकाने म्हणाली, "रायर, तुम्ही मलरची बाजू घेतलीत."

रायर गंभीरपणे म्हणाले, "मी तिची बाजू घेतलों नाही. मी क्रियापदाची बाजू घेतलों."

ते पत्र अहवालात घ्यायचं की नाही, यावर बराच खल झाला. शेवटी चांगलंमध्ये गेलं. रायरांनी त्या दिवशी मतदानात भाग घेतला नाही.

*

फ्रिजवरच्या पत्राचा एक फायदा झाला. डर्मटने खूश होऊन कुरियरने आम्हाला तिची सीडी पाठवली. दीड वर्ष झालं होतं. आम्ही तिच्याबद्दल शेकडो पानं वाचली होती. एक म्हणायचा आवाज मधासारखा, दुसरा म्हणायचा खडीसारखा, तिसरा म्हणायचा धुरासारखा. पण आम्ही तिचा आवाज ऐकलेला नव्हता.

सीडी लावायची कशावर? खालच्या लेथ वर्कशॉपचे मालक मुरुगेसन. त्यांच्याकडे सीडी प्लेयर होता, त्यावर ते सकाळी देवाची गाणी लावून मशिनं सुरू करायचे. एक वाजता जेवणासाठी मशिनं बंद झाली, तेव्हा आम्ही तिघं खाली गेलो. रायरांनी बरोबर कागद घेतला होता. त्यावर तीन शब्द: मध, खडी, धूर. समोर खूण करायला चौकोन.

गाणं लागलं. आम्ही ऑइलच्या वासात उभे. गिटार हळू वाजत होती, ती त्याहून हळू गात होती.

सेल्वी कुजबुजली, "एवढी हळू का गाते? घरात कुणी झोपलंय का?"

रायर डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत होते. दोन गाण्यांनंतर डोळे उघडले. "श्रुति शुद्ध आहे. तालाशीं मात्र थोडें भांडण जालें आहे." कागदावर त्यांनी कुठेच खूण केली नाही.

मुरुगेसन स्टुलावर बसून डब्यातला सांबारभात खात होते. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच त्यांचा घास हातात थांबला. ते प्लेयरकडे बघत म्हणाले, "ही पोरगी जेवलेली नाही."

वर आल्यावर सेल्वी म्हणाली, हे नोंदवायला पाहिजे. मी म्हटलं, अगं, ते लेथवाले आहेत. ती म्हणाली, "कुणाचं मत घ्यायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवायला आपल्याला ठेवलेलं नाही." ते खरंच होतं. शुक्रवारच्या अहवालात मधल्या रकान्यात इंग्रजीत एक ओळ गेली: 'ही मुलगी जेवलेली नाही. मुरुगेसन, गिंडी.'

डब्लिनमध्ये कुणालातरी वाटलं की गिंडी हे एखादं मासिक असावं. वर्षभराने दुसरा अल्बम आला. त्याच्या पोस्टरवर मलरचा काळापांढरा फोटो होता, गालफडं बसलेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत, अवतरणचिन्हांत: ही मुलगी जेवलेली नाही. त्याखाली बारीक: गिंडी.

मग तर कात्रणांचा पाऊस. डब्लिनच्या एका पेपराने लिहिलं, गिंडीने अचूक हेरल्याप्रमाणे या सुरांच्या तळाशी एक भूक आहे. लंडनच्या एकाने लिहिलं, गिंडीचं विधान धाडसी असलं तरी त्यात अतिशयोक्ती आहे. एकाने तर दोन रकाने भरून आयर्लंडच्या इतिहासातला दुष्काळ आणि हा अल्बम यांचा संबंध लावला, आणि तो संबंध सर्वप्रथम दाखवून देण्याचा मान गिंडीला दिला. ते सगळं वाचून रकान्यांत टाकायचं काम आमच्याकडेच होतं.

मी पोस्टर घेऊन खाली गेले. मुरुगेसनना सगळं तमिळमध्ये, जमेल तसं सांगितलं. दुष्काळाचंही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग हात पुसून त्यांनी पोस्टर उजेडात धरलं आणि फोटो बराच वेळ बघितला.

"अजूनही नाहीच जेवली," ते म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.

*

ही शेवटची.

त्या दुसऱ्या अल्बममध्ये एका सायकलचं गाणं होतं. फार साधं. घरात शिरल्यावर बोळात एक सायकल उभी आहे. येता-जाता सगळ्यांना ती लागते, कुणी हलवत नाही. बस, एवढंच. कडवी तीन, धृपद नाही.

समीक्षकांनी या गाण्यावर तोंडसुख घेतलं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की मलरचा मित्र तिला सोडून गेला आणि सायकल न्यायला विसरला. बहुतेकांना गाणं रडकं वाटलं. एकाने लिहिलं, मुलीने वय वर्षं चोवीस झाल्यावर तरी प्रेमभंगातून बाहेर यावं. दुसऱ्याने सुचवलं, सायकल परत करून टाकावी, म्हणजे घर आणि अल्बम दोन्ही मोकळे होतील. आम्हीही हसलो त्याला. रायरांनी समोर पेन्सिलीने लिहिलं, 'विषय: प्रेमभंग', आणि कात्रण वाईटमध्ये लावलं. अशी बावीस झाली.

आणि डर्मटचा फोन आला की ती ऑस्ट्रेलियाला निघाली आहे, वाटेत एक दिवस चेन्नईत थांबणार आहे. तिला तुम्हाला भेटायचं आहे.

सेल्वीने ऑफिस दोनदा धुवून घेतलं. वाईटच्या फायली कपाटात सर्वांत खाली, त्यांच्यावर प्रिंटरचे कागद. रायर म्हणाले, ऑफिसांत काय भेटायचें, जेवायला घरीं आणा. म्हणून तिला गिंडी स्टेशनला घेतलं आणि गाडीने तांबरमला नेलं. बारीक अंगाची, लाल केसांची, चेहरा उन्हाने आणखी लाल. बोलायला लाजरी. तिने सेल्वीला विचारलं, "मलर तुम्हीच ठेवलंत ना नाव?" सेल्वीने मान हलवली. "मला आवडलं," ती म्हणाली. त्यानंतर सेल्वी तांबरम येईपर्यंत तिचा हात धरून बसली होती.

रायरांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे अंगण, अंगणात शेवग्याचं झाड. त्यांच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. मामींना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. घरात तंजावरची मराठी, दाराबाहेर तमिळ, एवढ्यात त्यांचं सगळं आयुष्य झालं होतं. त्यांनी केळीच्या पानावर जेवायला वाढलं, आणि पोरगी नीट जेवली, तेही सांगून ठेवते.

दुपारी सगळे मागच्या ओसरीवर बसलो. रायरांना स्वस्थ बसवेना. ते म्हणाले, इतकें वाचलें, एकदां समोरून ऐकावें. गिटार तिच्या पाठीला होतीच. तिने क्षणभर विचार केला आणि सायकलचं गाणं धरलं.

मी सेल्वीकडे बघायचं टाळलं. सेल्वी जमिनीकडे बघत होती. बावीस कात्रणं आमच्या दोघींच्या डोक्यात होती आणि ती मुलगी आमच्यापासून चार हातांवर बसून गात होती. मामी पलीकडे भिंतीला टेकून परातीत घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांचे हात थांबले.

गाणं संपलं. मामींनी माझ्याकडे बघून, हलक्या आवाजात, पण सरळ विचारलं, "हिचें कोण गेलें?"

रायर दचकले. "काय विचारत्येस," असं काहीतरी पुटपुटले. मलर आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागली. मग तिने मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

तीन वर्षं मी दुसऱ्यांनी तिच्याबद्दल लिहिलेलं जसंच्या तसं तिकडे पाठवलं होतं. वाईट ते वाईट म्हणून पाठवलं होतं. त्या दिवशी मला ते जमलं नाही.

"गाणं छान आहे म्हणतात," मी इंग्रजीत म्हणाले.

पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती मामींकडे बघत होती, आणि मामी तिच्याकडे.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "सांगा त्यांना."

मी सांगायला वळले, तर मामी परात बाजूला सारून केव्हाच उठल्या होत्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या होत्या.